आमच्या घरचीं दोन वाद्यें

वाद्य म्हटलें कीं महाराष्ट्रांतील पांढरपेशा घरांत आधीं पेटीच डोळ्यांपुढें उभी राहते. सतार, सारंगी, रुद्रवीणा हीं वाद्यें कुलीन खरीं. पण तीं घरांत बाळगणें म्हणजे जांवई बाळगण्यासारखें आहे. त्यांचा मान ठेवावा लागतो, हवा बदलली कीं तीं रुसतात, आणि घरांतील लहान मुलाचा हात लागला कीं सगळ्यांचा जीव वरखालीं होतो. पेटीचें तसें नाहीं. ती सुनेसारखी कामाला उभी असते. आरतीला ती, कीर्तनाला ती, मंगळागौरीच्या रात्रीं ती, आणि पूर्वींच्या काळीं मुलगी ‘दाखवावयाची’ झाली कीं पाहुण्यांपुढें प्रथम पोहे व मागोमाग तीच.

जन्मानें ती परदेशी. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या आलेक्सांद्र देबँ नांवाच्या कारागिरानें तिला आकार दिला. मिशनरी मंडळींबरोबर ती इकडे आली. आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यांत, मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या सोयीचें, हातानें भाता हलविण्याचें रूप तिला मिळालें. भरतानें नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले आहेत. त्या हिशेबानें पेटी सुषिर वर्गांत पडते, म्हणजे ती बासरीची दूरची चुलत बहीण ठरते. नाटक कंपन्यांनीं तिला मोठ्या मानानें रंगमंचापुढें बसविलें, आणि कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांसारख्या (१८८१–१९५५) गुणी माणसानें तिच्यांतून असे सूर काढले कीं, ती परदेशी आहे याचा लोकांना विसर पडला.

सरकारला मात्र तो पडला नाहीं. १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटीस बंदी झाली. ती बंदी १९७१ सालीं कांहीं अंशीं उठली. म्हणजे माझें सारें बाळपण त्या बंदीच्या काळांत गेलें. १९६३ सालीं सांगलीस आकाशवाणीचें केंद्र निघालें, आणि आमच्या घरीं रेडिओ आला. जें वाद्य माजघरांत रोज वाजतें तें त्या रेडिओंत कधींच कसें वाजत नाहीं, असा मला प्रश्न पडे. आमचे थोरले काका म्हणत, “सरकारनें निषिद्ध ठरविलें आहे. कांदा-लसणासारखें.” यावर आजोबा म्हणत, “मग कांद्यासारखेंच घरोघर चालूं द्या.”

आमचें घर मिरजेचें. मिरज गांव दोन गोष्टींसाठीं प्रसिद्ध आहे, दवाखाने आणि तंबोरे. आजारी माणसें आणि गाणारीं माणसें या दोन्हींची येथें सारखीच वर्दळ. विष्णु दिगंबर पलुस्कर येथेंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ शिकले. पुढें १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून, गाणें शाळेंत शिकवितां येतें हें त्यांनीं लोकांस दाखविलें. आणि १९३१ सालीं त्यांचा अंत झाला तोही मिरजेसच. अब्दुल करीम खांसाहेबांनीं मिरजेस घर केलें. १९३७ सालीं दक्षिणेंत प्रवासांत असतांना ते वारले, पण त्यांना दफन केलें तें मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत. तेथें उरुसांत चिंचेच्या झाडाखालीं त्यांच्या स्मरणार्थ गाणें होतें. आमचे आजोबा घरीं कडक सोवळ्याचे. पण उरुसाचें गाणें त्यांनीं कधीं चुकविलें नाहीं. पहांटेपर्यंत बसत, आणि घरीं आल्याबरोबर विहिरीवर स्नान करीत. “हें स्नान गाण्याचें कीं दर्ग्याचें?” असें आजीनें एकदां विचारलें. “जागरणाचें,” असें उत्तर देऊन ते संध्येस बसले.

मी आठ वर्षांचा झालों तेव्हां, १९६७ सालीं, मला पेटी शिकवावयाचें ठरलें. याचें कारण संगीतप्रेम हें नव्हतें. दर गुरुवारीं आमच्याकडे दत्ताचें भजन होई व पेटीला बाहेरचा माणूस बोलवावा लागे. त्याचा चहा, त्याची दक्षिणा आणि त्याची वाट पाहण्यांत जाणारा वेळ यांचा विचार करतां घरचाच एक मुलगा तयार झालेला बरा, असा तो हिशेब होता. महिना पांच रुपयांवर एक मास्तर ठरले. ते आठवड्यांतून तीन वेळां संध्याकाळीं येत, टोपी खुंटीला अडकवीत, पेटीच्या भात्यावर कान ठेवून कोठें वारा फुटतो कीं काय तें पाहत, आणि मगच मला बसावयास सांगत. भाता ओढावयाचा तो श्वास घेतल्यासारखा, त्याला हिसका द्यावयाचा नाहीं, हा पहिला धडा. बोट पट्टीवर आपटावयाचें नाहीं, ठेवावयाचें, हा दुसरा. सहा महिने सारेग रेगम याखेरीज मीं कांहीं वाजविलें नाहीं. बाहेर मुलें विटीदांडू खेळत, आणि मी मात्र सा वर आंगठा व रे वर तर्जनी ठेवून बसलेला असें.

आवड कशी उत्पन्न झाली हें मला सांगतां येणार नाहीं, पण केव्हां झाली तें सांगतां येईल. मास्तरांनीं भूप रागाची सरगम सुरू केली होती. एके दुपारीं मी एकटाच ती घोकत असतां ग रे सा, ध सा रे ग एवढाच तुकडा बोटांखालून गेला आणि तो मला ओळखीचा वाटला. आजी पहांटे देवघरांत भूपाळी म्हणे, तिच्या चालींतला तो तुकडा होता. आजीच्या गळ्यांतली गोष्ट माझ्या बोटांत आली, याचें मला इतकें नवल वाटलें कीं मी तो तुकडा तिन्हीसांजेपर्यंत वाजवीत बसलों. अखेर थोरल्या काकांनीं येऊन भाता बंद केला. त्यानंतर मला पेटीस बस म्हणून कोणीं सांगावें लागलें नाहीं. ऊठ म्हणून सांगावें लागे.

आतां आत्याविषयीं सांगितलें पाहिजे. ती आजोबांची धाकटी मुलगी. तिचा जन्म १९२३ चा. तेरा वर्षांची असतांना आजोबांनीं तिला एक दिलरुबा घेऊन दिला. त्या काळीं शिकल्यासवरल्या घरांतून मुलींना पेटी, सतार किंवा दिलरुबा शिकविण्याची चाल पडूं लागली होती. दिलरुबा हें वाद्य आतां पुष्कळांनीं पाहिलेंही नसेल. त्याची दांडी सतारीसारखी, तिला सतारीसारखेच पडदे. पण पोट कातड्यानें मढविलेलें, आणि तें वाजवावयाचें सारंगीसारखें गजानें. मुख्य तारांच्या खालून तरफांच्या बारीक तारा गेलेल्या असतात. वर सूर लागला कीं त्या आपल्या आपण गुणगुणूं लागतात. आत्या तें तीन वर्षें शिकली. तिचे गुरुजी तंबोरा लावल्याखेरीज तिला गज हातीं धरूं देत नसत. सोळाव्या वर्षीं तिचें लग्न झालें, एकविसाव्या वर्षीं ती विधवा होऊन घरीं परत आली, आणि त्यानंतर त्या वाद्याला कोणीं हात लावला नाहीं. तांबड्या खादीच्या खोळींत तें माजघराच्या खुंटीवर टांगलेलें असे. मला समजूं लागल्यापासून मी ती खोळ पाहत होतों, आणि आंत काय आहे हें मीं कधीं विचारलें नव्हतें.

एके संध्याकाळीं मास्तर मला भूप देत होते. आत्या आंत भाजी चिरीत होती. मी गांधारावर थांबलों, आणि आंतून स्पष्ट आवाज आला, “गांधार चढा आहे.”

मास्तर थबकले. पेटी नुकतीच सुरांत लावून आणली होती व ती त्यांनींच लावली होती. त्यांनीं मला पुन्हा गांधार धरावयास सांगितलें, मान वांकडी करून ऐकलें, आणि म्हणाले, “पेटीच्या मानानें बरोबर आहे.” आंतून उत्तर आलें, “पेटीच्या मानानें असेल.”

दोघांचेंही म्हणणें खरें होतें. वाचकांस कंटाळा न येईल तर यांतलें गणित थोडक्यांत सांगतों. षड्जाचीं दर सेकंदास २४० आंदोलनें धरलीं, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेंतून जो गांधार कोणीं न वाजवितां आपोआप उमटतो, ज्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात, त्याचीं आंदोलनें मध्य सप्तकाच्या हिशेबानें ३०० येतात. पेटीच्या सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, कारण कोणत्याही पट्टीस षड्ज मानून वाजवितां यावें. ही सोय मोठी. पण त्यापायीं तिचा गांधार ३०२.४ वर जातो. पंचम ३६० च्या जागीं ३५९.६ वर येतो, त्याचें कांहीं बिघडत नाहीं, मध्यमाचेंही तसेंच. दंड भरावा लागतो तो मुख्यतः गांधार, धैवत आणि निषाद यांना. आणि भूपांत तर गांधारच वादी! तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला ती दोन-अडीच आंदोलनांची चूक भातांतल्या खड्यासारखी लागते. हा दोष दूर करण्याचा खटाटोप आमच्या भागांत फार पूर्वीं झालेला आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनीं श्रुतींचा अभ्यास केला, त्यांना अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्याचें साहाय्य झालें, आणि क्लेमंट्स नांवाच्या न्यायाधीशानें बावीस श्रुतींची पेटी विलायतेहून बनवून आणविली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत तिच्यावरून बराच वाद झाला. पण असली पेटी घरोघर जाणें शक्य नव्हतें, आणि गेलीही नाहीं.

मास्तर प्रामाणिक मनुष्य होते. त्यांनीं त्या दिवशीं पेटी बंद केली, आजोबांकडे ओटीवर गेले व म्हणाले, “बोटें मी शिकवीन. कान ज्यांनीं शिकवावा अशा बाई आपल्या घरांत आहेत.”

घरांत चार दिवस या वाक्याची चर्चा चालली होती. आजोबांनीं खोळ खालीं काढविली. आंत वाद्याची दैना झालेली होती. कातडें फाटलेलें, पडदे बांधावयाचा दोरा कुजून पडदे सुटलेले, तरफा गंजून तुटलेल्या, गजाचे केस झुरळांनीं खाल्लेले. दुरुस्तीस किती पडतील याची चौकशी झाली, आणि थोरले काका उभे राहिले. त्यांचें म्हणणें आज वाचून राग येईल, पण त्या वेळीं तें घरोघर ऐकूं येणारें होतें. आपल्यासारख्या घरांतील चव्वेचाळीस वर्षांच्या विधवा बाईनें गज धरून बसणें शोभत नाहीं. आळींतले लोक नांवें ठेवतील. घरांत लग्नाच्या दोन मुली आहेत. वास्तविक गायनवादनाविषयींचा हा जुना समज मिरजेंतल्याच एका बाईनें कधींच मोडून काढला होता. हिराबाई बडोदेकरांचा जन्म (१९०५) मिरजेचा. भरसभेंत बसून, घरंदाज बाईसारख्या साध्या वेषांत त्या गात, आणि त्यांच्यामुळें किती बायकांची वाट मोकळी झाली हें सर्वश्रुत आहे. काका त्यांचें गाणें तिकीट काढून ऐकत आणि वाखाणीत. पण बाहेरच्या बाईची कीर्ति निराळी, आणि आपल्या माजघरांतली बहीण निराळी.

आजोबांनीं सर्व ऐकून घेतलें. मग म्हणाले, “वाद्य मीं पोरीसाठीं घेतलें होतें, तिच्या लग्नासाठीं नव्हे. पोर घरांत आहे. तें दुरुस्त होईल.” हें वाक्य आमच्या घरांत पुढें फार प्रसिद्ध झालें. मोठेपणीं मीं एकदां आत्यापाशीं त्याची स्तुति केली, तेव्हां ती हंसून म्हणाली, “खोटें आहे तें. लग्नासाठींच घेतलें होतें. दाखवावयाच्या वेळीं मीं तेंच वाजविलें. पण बाबांनीं त्या दिवशीं तसें म्हटलें, तें बरें केलें.”

दुरुस्तीचे पैसे आजोबांनीं दिले नाहींत, कारण आत्यानें ते घेतले नाहींत. पापड लाटून, कुरडया घालून तिनें जमविलेले चाळीस रुपये एका डब्यांत होते, त्यांतून तिनें ते दिले. वाद्य उचलून नेण्याचें काम माझें. सतारमेकर गल्लींत मी पहिल्यांदा गेलों तो त्या दिवशीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार नांवाच्या कारागिरानें हा उद्योग मिरजेस सुरू केला. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे लोक. तलवारींचे दिवस सरले आणि त्यांचे हात तारांकडे वळले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या कांठचे. ते महिनेच्या महिने वाळवितात. मग कापून, पाण्यांत भिजवून, आंतून कामट्या लावून त्यांना घाट देतात. दांडी लांकडाची, आणि तिला सांधा असा कीं नखाला लागूं नये. पण सर्वांत नाजूक काम जवारीचें. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा कानसून असा उतरता करावयाचा कीं, तार तिला अर्धवट चिकटून, अर्धवट सुटून कांपली पाहिजे. शेवटीं तार आणि घोडी यांच्यामध्यें सुताचा एक धागा सरकवितात. त्या धाग्याला कारागीर ‘जीव’ म्हणतात. तो जागेवर आला कीं मुका तंबोरा एकदम बोलूं लागतो. ज्या म्हाताऱ्या कारागिरानें आमचा दिलरुबा घेतला त्यानें तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलें, “कोण वाजवणार?” मीं “आत्या” म्हणून सांगितलें. “मग पडदे सैलसर बांधतों. बाईंना आपल्या कानानें सरकवतां आले पाहिजेत,” असें तो म्हणाला. पेटीला आणि दिलरुब्याला वेगळें करणारी गोष्ट हीच, हें मला तेथें उमगलें. पेटीचा सूर कारखान्यांत ठरतो. याचा पडदा दोऱ्यानें बांधलेला.

वाद्य आलें म्हणून वाजविणें आलें नाहीं. तेवीस वर्षांत आत्याचीं बोटें जात्याला, पाट्याला सरावलीं होतीं. पहिले दोन महिने घरांत जे आवाज निघाले, त्यांनीं काकांचा पक्ष बराच बळकट झाला. स्वयंपाकघर आवरून, सगळ्यांचीं अंथरुणें पडल्यावर ती मागच्या पडवींत बसे. तंबोरा छेडावयास मी. झोंप येऊन माझी बोटें थांबलीं कीं ती गजाच्या टोंकानें मला हळूच डिवची. हें माझें खरें शिक्षण. पेटीवर मी मास्तरांजवळ शिकलों तें शिकलोंच. पण सूर म्हणजे जागा नसून वाट आहे, मध्यमावरून गांधारावर उतरतांना मधला सारा उतार ऐकूं आला पाहिजे, आणि तो पेटीवर नसला तरी पेटी वाजविणाऱ्याच्या मनांत असला पाहिजे, हें मी त्या पडवींत शिकलों. मुलाच्या हातीं पेटी द्यावी कीं देऊं नये, असें पालक मला अजून विचारतात. मी सांगतों, खुशाल द्या. पण आधीं एक वर्ष त्याला तंबोऱ्याजवळ बसवा. रेडिओची बंदी मला कधींच पटली नाहीं. पेटीचा दोष ठाऊक असलेला वादक तो झांकूं शकतो. आप्पा जळगांवकर (१९२२–२००९) किंवा तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांची साथ ज्यांनीं ऐकली आहे त्यांना हें निराळें सांगावयास नको.

मॅट्रिकनंतर मी संस्कृताच्या अध्ययनाकडे वळलों. वादक होण्याची इच्छा होती, पण घरांत एक मिळवता कमी झाला होता, आणि पेटीवर संसार चालत नाहीं हें मास्तरांच्या कोटाकडे पाहून मला कळलें होतें. त्याविषयीं अधिक लिहिण्यासारखें नाहीं. नाट्यशास्त्राच्या २८ व्या अध्यायांत भरतानें दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे, तो वाचतांना मला राहवेना. सारख्या स्वरांत लावलेल्या दोन वीणा घ्याव्यात. एक ध्रुव, तिला हात लावावयाचा नाहीं. दुसरी चल, तिचे स्वर चार वेळां, टप्प्याटप्प्यानें, उतरवीत जावयाचे. दुसऱ्या उतरणींत तिचे गांधार-निषाद ध्रुवेच्या ऋषभ-धैवतांत मिळून जातात. तिसरींत तिचे ऋषभ-धैवत ध्रुवेच्या षड्ज-पंचमांत. आणि चौथींत तिचे षड्ज, मध्यम, पंचम अनुक्रमें निषाद, गांधार, मध्यमांत. अशा रीतीनें बावीस श्रुति कानांनीं मोजावयाच्या. कोणतेंही यंत्र नाहीं, आंकडा नाहीं, दोन वाद्यें आणि एक कान. आम्ही घरच्या दोन तंबोऱ्यांवर निदान पहिली पायरी करून पाहिली. एकाचा पंचम षड्जाशीं जुळविला, दुसऱ्याचा त्रिश्रुतिक ऋषभाशीं. दोन्ही पंचम एकामागून एक छेडले. आजच्या मोजणीनें एक ३६० असेल तर दुसरा ३५५.६ च्या आसपास. मी पोथी उघडून ‘प्रमाणश्रुति’ या शब्दाचा अर्थ सांगूं लागलों, तर आत्या म्हणाली, “हें मला ठाऊक आहे रे. याला नांव आहे हें ठाऊक नव्हतें.”

नांवें ठाऊक नसणें हीच तिची अडचण होती, कारण तिनें परीक्षांस बसावयाचें मनांत घेतलें होतें. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या (स्थापना १९३१) परीक्षा प्रारंभिकापासून विशारदापर्यंत पायरीपायरीनें असतात, आणि त्यांत लेखी शास्त्रही असतें. दहा थाट, वादी-संवादी, भातखंड्यांची आणि पलुस्करांची स्वरलेखन पद्धति, ग्रंथकारांचे काळ. तिची शाळा मराठी पांचवीपर्यंत झाली होती. तेव्हां सकाळीं मी तिला शार्ङ्गदेव शिकवीं आणि रात्रीं ती मला बागेश्री. संगीतरत्नाकर देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें लिहिला गेला, हें कळल्यावर तिला फार आनंद झाला. तो ग्रंथ काशीकडचा असावा अशी तिची समजूत होती. विशारदाला आम्ही दोघें एकाच वर्षीं, १९७७ सालीं, एकाच केंद्रावर बसलों. माझें वय अठरा, तिचें चौपन्न. बाकावर तिच्या शेजारीं वेणीवाल्या मुली होत्या; त्यांतल्या एकीनें तिला, “आजी, कोणाबरोबर आलांत?” असें विचारलें. निकाल लागला तेव्हां शास्त्रांत मला तिच्यापेक्षां अकरा गुण अधिक होते, आणि वादनांत तिला माझ्यापेक्षां अठ्ठावीस. ज्याचें त्याला मिळालें.

पुढल्या वर्षापासून तिच्याकडे मुली शिकावयास येऊं लागल्या. प्रथम दोन, मग सात, पुढें पुढें वीसपर्यंत. फी महिना दहा रुपये. थोरल्या काकांनीं शेवटपर्यंत या गोष्टीला संमति दिली नाहीं. पण हिशेबाच्या बाबतींत त्यांचा घरांतल्या दुसऱ्या कोणावरच विश्वास नव्हता. त्यामुळें मुलींच्या फीची वही त्यांनीं आपणहून स्वतःकडे घेतली आणि अठरा वर्षें ती पैन् पै लिहिली. थकलेल्या मुलींचीं नांवें ते तांबड्या शाईनें लिहीत. वर्षाखेर बेरीज करून ते वही आत्यापुढें ठेवीत, आणि ती सही करी. या दोन भावंडांत गाण्याविषयीं यापलीकडे संभाषण झालेलें मला आठवत नाहीं. आत्याची पहिली खरेदी म्हणजे एक कपाट. कुलपाचें, आणि किल्ली तिच्या कमरेला. तीस वर्षें ज्या घरांत ती राहिली होती त्यांत तिच्या मालकीचें कपाट नव्हतें, हें ती किल्ली पाहीपर्यंत आम्हां कोणाच्याच लक्षांत आलें नव्हतें.

शिकावयास आलेल्या मुलींपैकीं बहुतेकींचा अभ्यास लग्नाबरोबर थांबला. आत्या त्याबद्दल चिडत नसे. मात्र प्रत्येक मुलीकडून ती एक काम पक्कें करून घेई. पडदे स्वतः बांधतां येणें, तार स्वतः चढवितां येणें, गजाला राळ लावतां येणें. “वाजवायला वेळ नाहीं मिळाला तरी तार उतरवून ठेव, कातड्यावर ताण ठेवूं नकोस, आणि खोळींत कडुनिंबाचा पाला घाल,” असें ती प्रत्येकीस निरोपाच्या वेळीं सांगे. तिला हें कोणीं सांगितलें नव्हतें.

आत्या २००१ सालीं गेली. पेटी भजनाला अजून वाजते. ती मीच वाजवितों. सतारमेकर गल्लींतलीं कांहीं दुकानें आहेत, कांहीं मिटलीं. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें, याचा गांवाला आनंद झाला. पण विजेवर चालणारा तंबोरा आणि आतां भ्रमणध्वनींतला तंबोरा निघाल्यापासून नवा भोपळा घेणारे किती राहिले, असें कारागीरच विचारतात. रियाझाला ती यंत्रें वाईट नाहींत. मीही वापरतों. मात्र त्यांत कोणाला झोंप येत नाहीं, आणि कोणी कोणाला गजानें डिवचीत नाहीं.

दिलरुबा माझ्या धाकट्या सुनेकडे आहे. ती बँकेंत नोकरीस असते, आणि रात्रीं साडेनवानंतर तिला अर्धा तास मिळतो. लग्न ठरतांना तिला वाद्य येतें कीं नाहीं, हें आम्ही विचारलें नव्हतें. तिनेंच कपाट उघडून विचारलें. गेल्या पावसाळ्यांत कातडें पुन्हा उतरलें, म्हणून आम्ही दोघें तें घेऊन गल्लींत गेलों. म्हाताऱ्या कारागिराचा नातू आतां दुकानावर बसतो. त्यानें पडदे पाहिले आणि कोणत्या दोऱ्यानें बांधूं, सुती कीं नायलॉनच्या, असें विचारलें. नायलॉन कुजत नाहीं, हा त्याचा मुद्दा होता. सुनेनें सुती सांगितला. दिवाळीच्या आधीं वाद्य हातीं येईल म्हणून तो म्हणाला होता. आलें तें मार्गशीर्षांत.